सर व्हिक्टर हॉर्सली

पाठीच्या कण्यात करंगळीएवढ्या जाडीचा एक नाजूक दोर असतो. त्यास मेरुरज्जू म्हणतात. मेंदूचे आदेश हातापायांना त्याच्याच वाटेने पोहोचतात. तो दबला की माणूस पांगळा होतो. दीडशे वर्षांपूर्वी अशा रुग्णापुढे मृत्यूची वाट पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

ही कोंडी फोडणारे व्हिक्टर हॉर्सली यांचा जन्म 14 एप्रिल 1857 रोजी लंडनमध्ये एका चित्रकाराच्या घरी झाला. 1887 साली एक सेनाधिकारी त्यांच्याकडे आला. कित्येक महिने तो वेदनांनी तळमळत होता आणि त्याचे पाय लुळे पडले होते. विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून गाठीची जागा सांगितली होती. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. 9 जूनला हॉर्सलींनी मणक्यांची हाडे काढली, पण गाठ दिसेना. कोणाचेही धैर्य खचावे असा तो क्षण! परंतु आणखी वरचे हाड काढताच बदामाएवढी गाठ दृष्टीस पडली. वर्षभरात तो रुग्ण चालू लागला व कामावरही गेला.

हाडातून झिरपणारे रक्त थांबवण्यासाठी हॉर्सलींनी मधमाश्यांचे मेण आणि बदामाचे तेल यांचे मिश्रण तयार केले. उपाय किती साधा! हाडाचे मेण आजही शस्त्रक्रियागृहात वापरले जाते.

मेरुरज्जूवरील रक्तवाहिन्यांचा गुंता हे याहून अवघड दुखणे. त्यात धमनीचे रक्त वेगाने थेट शिरेत शिरते, शिरा फुगतात आणि मेरुरज्जूचे पोषण खुंटते. हॉर्सलींनी उघडलेल्या वाटेनेच पुढे जाऊन न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी 1914 साली अशा गुंत्यावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. सूक्ष्मदर्शकाखाली हे काम होण्यास मात्र आणखी अर्धशतक जावे लागले.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. हॉर्सली तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, तरीही ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. 1916 मध्ये ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पोहोचले. तेथे मराठा पलटणींसह हजारो हिंदी सैनिक लढत होते. जखमींची आबाळ पाहून हॉर्सली व्यथित झाले आणि वरिष्ठांची भीड न बाळगता त्यांनी त्या अव्यवस्थेवर टीका केली. 16 जुलै 1916 रोजी अमारा येथे उष्माघाताने त्यांचे निधन झाले. त्यांचे दफनही तेथेच झाले.