पारतंत्र्यातील देशाने पाठवलेला डॉक्टर

युरोपात दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटण्याच्या दोन वर्षे आधीच आशिया खंड युद्धाच्या खाईत लोटला गेला होता. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली आणि डिसेंबरात नानजिंग शहरात नागरिकांची अमानुष कत्तल झाली. राष्ट्रसंघाने निषेध नोंदवला. जपानवर निर्बंध मात्र लादले नाहीत. अशा वेळी चिनी सेनानी चू तेह यांनी वैद्यकीय साह्यासाठी पंडित नेहरूंना साद घातली. ज्या देशाकडे हे साह्य मागितले गेले, तो देश स्वतःच पारतंत्र्यात होता.

काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानुसार लोकवर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. स्पेनच्या यादवी युद्धात सेवा बजावलेले डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. बसू यांच्यासमवेत पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबईचा किनारा सोडला.

चोंगचिंग मुक्कामी कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरीही त्यांनी मायदेशी परतण्याचे नाकारले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. जपानविरुद्ध कुओमिंतांग आणि कम्युनिस्ट यांची नावापुरती आघाडी होती. प्रत्यक्षात कम्युनिस्टांच्या ताब्यातील प्रदेशाची कुओमिंतांगने नाकेबंदी केली आणि औषधांची तीव्र टंचाई निर्माण झाली. जखमींवरील उपचारही सत्तास्पर्धेतून सुटत नाहीत, याचा अनुभव या डॉक्टरांना तेथे आला.

पुढे कोटणीस वुताई पर्वतराजीच्या परिसरातील आघाडीवर गेले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. याच भागात सेवा करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने मृत्युमुखी पडले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. चिनी भाषा आत्मसात करून ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. त्यात भारत आणि चीन या दोन्ही देशांचा निर्देश होता.

अविश्रांत श्रमांनी प्रकृती ढासळत गेली. अपस्माराच्या झटक्याने ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पथकातील चौघे मायदेशी परतले. कोटणीस चीनच्या मातीतच विसावले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला.

कोटणीसांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, हेच दोन देश रणांगणावर समोरासमोर आले. आजही संबंध सुधारायचे म्हटले की दोन्ही सरकारांना कोटणीसांचे स्मरण होते आणि चिनी नेते भारतभेटीत त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत. त्यांना चीनला धाडताना मात्र कोणत्याही सरकारचे हितसंबंध गुंतलेले नव्हते. तो प्रवास स्वतः स्वातंत्र्याची वाट पाहणाऱ्या जनतेच्या वर्गणीवर घडला होता. म्हणूनच मुत्सद्देगिरीच्या गरजेपुरते त्यांचे स्मरण करणे, हा त्या वर्गणीदारांवरही अन्यायच ठरेल.