ग्रीक पुतळ्यांवरून धडे, घडवली नऊवारीतली युवती: शिल्पकार गणपतराव म्हात्रे कोण होते?

नऊवारी नेसलेली एक तरुणी पूजेला निघाली आहे. प्लास्टरमध्ये घडवलेल्या या मूर्तीचं नाव ‘मंदिरपथगामिनी’. १८९६ साली ती साकारली तेव्हा शिल्पकार गणपतराव म्हात्रे जेमतेम विशीतले होते आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होते.

विषय अस्सल मराठी. पण ही मूर्ती घडवणारा हात तयार झाला होता तो ग्रीक पुतळ्यांवर. हे कसं घडलं?

जे. जे. मध्ये ग्रीक पुतळे कुठून आले?

गणपतरावांचा जन्म १८७६ सालचा, पुण्यातला. जे. जे. ची स्थापना झाली होती १८५७ मध्ये. तिथलं शिक्षण ब्रिटिश पद्धतीचं होतं. प्राचीन ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती वर्गात ठेवलेल्या असत. विद्यार्थ्यांनी त्या पाहून रेखाटनं करायची आणि शरीराची प्रमाणं शिकायची.

ही पद्धत युरोपातल्या कलाशाळांमधून आली होती आणि तिची मुळं रेनेसाँस म्हणजे प्रबोधनकाळात होती. १५०६ साली रोममधल्या एका द्राक्षमळ्यात ‘लाओकून’ हा प्राचीन संगमरवरी शिल्पसमूह सापडला. तो पाहायला गेलेल्यांमध्ये ३० वर्षांचे मायकेलँजेलो होते. ताणलेले स्नायू, पिळवटलेलं शरीर यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

त्याआधीच त्यांनी घडवलेला ‘डेव्हिड’ पाहा. शरीराचा भार एका पायावर, दुसरा पाय सैल आणि त्यामुळे कंबर व खांदे उलट दिशांना कललेले. उभं राहण्याची ही ढब ग्रीकांची. डेव्हिड मात्र बायबलमधला.

मग ‘मंदिरपथगामिनी’ वेगळी का?

गणपतरावांनीही हेच केलं. ग्रीक शिल्पकार अंगावरच्या वस्त्राच्या चुण्यांमधून आतल्या शरीराची हालचाल दाखवत. गणपतरावांनी ते तंत्र नऊवारीच्या निऱ्यांना लावलं. देवी किंवा राणी न निवडता त्यांनी देवळाच्या वाटेवरची एक साधी तरुणी निवडली.

या मूर्तीची चर्चा मुंबईबाहेरही झाली. रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. लंडनमध्ये जॉर्ज बर्डवुड यांनी तिचं कौतुक केलं. हे महत्त्वाचं, कारण भारतात चित्र-शिल्प ही ललित कला म्हणून अस्तित्वातच नाही, असं मत याच बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं. त्यांच्या त्या मताला एका विद्यार्थ्याच्या कामानेच धक्का दिला.

वाद काय होता?

त्याच १८९६ साली ई. बी. हॅवेल यांनी कलकत्त्याच्या कलाशाळेची सूत्रं हाती घेतली. युरोपीय नमुने बाजूला ठेवून भारतीय परंपरेवर भर द्यायचा, ही त्यांची भूमिका. पुढे अवनींद्रनाथ टागोर आणि बंगाल शैलीमुळे हा विचार देशभर पोहोचला. मुंबईच्या वास्तववादी कलेवर परकीय नक्कल असा शिक्का बसू लागला.

गणपतरावांनी वास्तववाद सोडला नाही. ‘सरस्वती’सारख्या पौराणिक विषयांवरच्या मूर्ती त्यांनी केल्या आणि व्यक्तिपुतळेही घडवले. अहमदाबादचा व्हिक्टोरिया राणीचा पुतळा त्यांचा, तसाच मुंबईतला न्यायमूर्ती रानडे यांचाही. ज्या काळात असे पुतळे बहुधा इंग्लंडहून मागवले जात, त्या काळात ही कामं एका मराठी शिल्पकाराकडे आली. १९४७ साली त्यांचं निधन झालं.

आज हे का आठवायचं?

नवी मुंबईत शिरवण्यासारख्या गावठाणांपासून शहरातल्या चौकांपर्यंत आपण पुतळे रोज पाहतो. चेहरा हुबेहूब हवा, धोतराची किंवा साडीची चुणी खरी वाटायला हवी, ही आपली अपेक्षा ज्या परंपरेतून आली, तिच्या पहिल्या मोठ्या भारतीय शिल्पकारांपैकी गणपतराव एक.

आणि नक्कल म्हणायचंच, तर तोच न्याय मायकेलँजेलोंनाही लावावा लागेल. ग्रीकांकडून उभं राहण्याची ढब घेतली म्हणून ‘डेव्हिड’ला कुणी उसना म्हणत नाही. मग ‘मंदिरपथगामिनी’ला तरी का म्हणावं?