लक्ष्मीबाईंची पोथी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाची सकाळ हरिपाठानं उजाडते, तर कुणाची पोथीच्या अध्यायानं. सातारा, सांगली, मिरजेकडच्या अनेक ख्रिस्ती घरांतही असाच नेम असतो. चहाचं आधण ठेवण्याआधी बायबलमधला एखादा भाग वाचायचा, त्यावर घटकाभर मनन करायचं, प्रार्थना करायची आणि मग कामाला लागायचं. सोबत एखादं पद म्हटलं जातं. ते बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं असतं. पण आज सांगायचं आहे ते त्यांच्या पत्नीविषयी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंविषयी.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुतलं जायचं! अकरा वर्षांच्या असताना लग्न झालं. शाळा कधी पाहिलीच नाही, अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून.

पुढे आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांना बायबल वाचायला दिलं. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून राहिलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांच्या आधारानं पंढरपुरात दिवस काढले. चार-पाच वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आपलं सोवळं आणि वेगळी चूल घेऊनच. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपणही व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. त्या बघत होत्या, ऐकत होत्या, मनाशी ताडून पाहत होत्या. एके दिवशी मात्र त्यांच्या मनानं घेतलं, की जात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे. तेव्हापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पुढे त्यांच्या घरात कितीतरी अनाथ मुलं वाढली.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्यात राहायला आले. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला तिथं जागा होती. पण दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले.

मागे राहिलं अर्धवट 'ख्रिस्तायन'. येशूचं चरित्र आपल्या पोथ्यांसारखं अध्यायाअध्यायानं मराठीत सांगायचं, असा टिळकांचा संकल्प होता. जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि एक-दोन नव्हे, तब्बल चौसष्ट अध्याय रचले! शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईनं! १९३६ साली त्या गेल्या. उरलेला शेवट मुलानं, देवदत्तानं केला आणि १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झालं.

हे बळ कुठून आलं असेल? मला वाटतं, त्यांनी काहीच उसनं घेतलं नाही, नवऱ्याचा विश्वाससुद्धा. स्वतःला पटल्यावरच स्वीकारलं आणि पटल्यावर आधी आपली चूल बदलली. पोथी कोणतीही असो, आपणही रोज वाचतोच की. वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात, शेजारणीशी वागताना त्यातलं काय उतरतं, एवढं उद्या सकाळी स्वतःला विचारून बघूया का?