आठ कलांचा ताळा

उत्तर आले म्हणजे गणित संपले, असे विद्यार्थ्यांस वाटते. ताळा करून पाहण्याचे मोल ज्यांना पटवावयाचे असेल, त्यांच्यासाठी आम्ही येथे योहानेस केप्लर याचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

केप्लरचा जन्म १५७१ साली जर्मनीत झाला. बालपणी देवी येऊन त्याची दृष्टी अधू झाली. १६०० साली तो प्राग येथे टायको ब्राहे या थोर वेधकाराकडे गेला व मंगळाची गती बसविण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढच्याच वर्षी टायको निवर्तला.

मंगळाचे चार निवडक वेध घेऊन, सुमारे सत्तर वेळा आकडेमोड करून केप्लरने वर्तुळाकार कक्षा सिद्ध केली. ती दोन कलांच्या आत जुळली. दुसरा कोणी तेथेच थांबला असता. केप्लरने मात्र निराळ्या वेधांनी ताळा केला, तेव्हा आठ कलांचा फरक पडला. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा अवघा चतुर्थांश! परंतु टायकोच्या वेधांत एवढी चूक संभवत नाही, हे जाणून त्याने आपलेच श्रम बाजूस सारले. त्यातूनच लंबवर्तुळाकार कक्षेचा शोध लागला व १६०९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १६३० साली केप्लर कालवश झाला.

त्याच वाटेने पुन्हा जाणे हा खरा ताळा नव्हे. वाट निराळी हवी, आणि न जुळलेले उत्तर पुसण्याचे धैर्यही हवे. परप्रांतीच्या शाळांत शिकणाऱ्या आमच्या मुलांस ‘ताळा’ हा शब्द कदाचित अपरिचित असेल. शब्द आणि सवय, दोन्ही आपण त्यांना घरीच द्यावीत.