निर्मल हृदय कुणाचं?

मदर तेरेसा म्हटलं की आपल्याला आठवते निळ्या काठांची पांढरी सुती साडी. तो निळा रंग येशूच्या आईचा, मारियामातेचा मानतात. कोलकात्यात कालीघाटला १९५२ साली मदरनी रस्त्यावर मरायला टाकलेल्यांसाठी घर उघडलं, त्याचं नाव निर्मल हृदय. ऐकताना वाटतं, हे मदरचंच हृदय असणार. पण तेही मारियामातेचं. आपल्या लातूर-नांदेडकडे ख्रिस्ती वस्ती थोडी, त्यामुळे ही माता आपल्याला भेटते ती मुंबईला गेल्यावर, बांद्र्याच्या मोतमाउलीच्या रूपात. सप्टेंबरातल्या तिच्या जत्रेत सगळ्या धर्मांच्या बायका मेणबत्ती लावतात.

मदरनाही ही भक्ती घरातच मिळाली. २६ ऑगस्ट १९१० ला स्कोप्ये इथं एका अल्बेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव अ‍ॅग्नेस. वडील गेले तेव्हा ती अवघी आठ वर्षांची होती. आई द्राना हिनं शिवणकाम-भरतकाम करून तीन लेकरं वाढवली, तरी दारी आलेल्या गरिबाला ती उपाशी धाडत नसे. संध्याकाळी घरात जपमाळ व्हायची, म्हणजे रोझरी. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, प्रत्येक मण्याला मारियामातेचा धावा. आपल्याकडे आजीच्या हातात तुळशीची माळ असते ना, तसंच. वर्षाकाठी लेटनित्से गावी मातेच्या यात्रेलाही ही मंडळी जायची.

अठराव्या वर्षी अ‍ॅग्नेस लोरेटो सिस्टर व्हायला निघाली. या संस्थेचं मूळ नावही मारियामातेवरूनच आहे. १७व्या शतकात मेरी वॉर्ड या इंग्रज बाईनं मुलींना शिकवण्यासाठी ती काढली. बायकांनी मठाच्या भिंतीबाहेर काम करायचं, हे तेव्हाच्या धर्माधिकाऱ्यांना पटेना. १६३१ साली पोपनी संस्था मोडली आणि मेरीला कोठडीत टाकलं गेलं. तरी तिचं काम टिकलं, आयर्लंडमार्गे कोलकात्यालाही आलं.

अ‍ॅग्नेसची सिस्टर तेरेसा झाली. एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत भूगोल शिकवू लागली, पुढे मुख्याध्यापिकाही झाली. भिंतीपलीकडेच मोतीझीलची झोपडपट्टी. शाळेतल्या मारियामातेच्या मंडळातल्या मुली वस्त्यांत सेवेला जायच्या. १९४३ चा दुष्काळ, १९४६ ची दंगल. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दार्जिलिंगच्या गाडीत बसल्या असता त्यांना वाटलं, आता आपण बाहेर पडून गरिबांतच राहायला हवं. पण वाटलं म्हणून निघाल्या असं झालं नाही. आर्चबिशप, मग रोम, करत परवानगीला जवळपास दोन वर्षं गेली. ऑगस्ट १९४८ मध्ये साडी नेसून त्या बाहेर पडल्या, पाटण्याला जाऊन रुग्णसेवा शिकल्या आणि मोतीझीलमध्ये मुलांना अक्षरं शिकवायला बसल्या. पहिल्यांदा त्यांच्यामागे आल्या त्या बहुतेक त्यांच्याच विद्यार्थिनी. ७ ऑक्टोबर १९५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली. तो दिवसही रोझरीच्या सणाचा.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १९७९ चं नोबेल, १९८० ची भारतरत्न, २०१६ मध्ये संतपद. टीकाही झाली. १९९४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांनी कालीघाटच्या घरात वेदनाशामक औषधांची कमतरता आणि उपचारांतल्या उणिवा दाखवल्या. धर्मांतराचे आरोप तर नेहमीचेच. औषधांची टीका मला रास्त वाटते. मायेनं पुसलं तरी दुखणाऱ्याला गोळी लागतेच की!

मला जास्त हलवून गेलं ते दुसरंच. मदर ५ सप्टेंबर १९९७ ला गेल्या, आणि त्यांची खासगी पत्रं २००७ साली पुस्तकरूपानं आली. नष्ट करा असं त्यांनी सांगून ठेवलेली ही पत्रं. त्यातून कळलं की काम सुरू झाल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. आत नुसता अंधार. आणि हातातली माळ मात्र चालूच, पहाटे उठणंही चालूच. मी बचत गटाच्या कामासाठी वस्तीत जाते. एका निराधार आजींच्या पगारासाठी तहसीलच्या सहा-सहा चकरा होतात, काहीच हलत नाही, संध्याकाळी घरी येऊन कणीक मळताना कोरडं कोरडं वाटतं. तेव्हा मला नोबेलवाल्या मदर आठवत नाहीत, या पत्रांतल्या आठवतात.

आणि आठवते द्राना. १९२८ साली लेकीला निरोप द्यायला ती झाग्रेबपर्यंत रेल्वेनं गेली होती. तीच शेवटची भेट. पुढे अल्बेनियाच्या कम्युनिस्ट सरकारनं आईला बाहेर सोडलं नाही, लेकीला आत घेतलं नाही. १९७२ साली द्राना तिरानात वारली. मदरना तिथं जाता आलं ते १९८९ मध्ये, आईच्या कबरीपाशी.