मार्गारेट डेहॉफ

शोध म्हटला कीं नवें यंत्र किंवा नवा तारा डोळ्यांपुढें येतो. परंतु अनेकांनीं मिळविलेली माहिती एकत्र जुळवून तींतून नवें ज्ञान काढणें, हाही शोधच होय. हें ज्या बाईंनीं सिद्ध केलें, त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मार्गारेटबाईंचा जन्म १९२५ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झाला. गणिताची पदवी घेतल्यावर १९४८ सालीं कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं रसायनशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. तेथें भोकें पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रांकडून त्यांनीं रेणूंचीं किचकट गणितें करवून घेतलीं. पुढें दोन मुलींच्या संगोपनासाठीं कांहीं वर्षें त्यांनीं संशोधन बाजूस ठेविलें.

नंतर त्या पुन्हां कामास लागल्या. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रयोगशाळेंत ही माळ तुकड्यातुकड्यांनीं वाचीत. ते तुकडे क्रमानें जुळविण्याचें काम बाईंनीं रॉबर्ट लेडली यांच्या साह्यानें संगणकावर सोंपविलें. १९६५ सालीं ६५ प्रथिनांचे क्रम एकत्र करून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्रंथ छापिला. प्रत्येक आम्लास एकेक अक्षर देण्याची त्यांची सुटसुटीत पद्धत आजही रूढ आहे.

क्रम शेजारीं ठेवितांच जीवांचें नातें दिसूं लागलें. सायटोक्रोम सी या प्रथिनाच्या १०४ स्थानांपैकीं माणूस व घोडा यांत केवळ १२ निराळीं आहेत. यीस्टशीं ताडून पाहतां ४० हून अधिक निराळीं भरतात. कोणतें आम्ल कोणत्याची जागा किती वेळां घेतें, हें मोजून बाईंनीं १९७८ सालीं तुलनेचीं प्रसिद्ध कोष्टकें सिद्ध केलीं.

तथापि, संग्रह करणें म्हणजे संशोधन नव्हे, असें पुष्कळ विद्वान मानीत. खर्च भागावा म्हणून ग्रंथ विकला जाई. आम्हीच दिलेली माहिती आम्हांसच विकत कां घ्यावी लागावी, असाही कित्येकांचा आक्षेप होता. अखेर १९८२ सालीं जनुकक्रमांच्या राष्ट्रीय संग्रहाचें काम सरकारनें इतरांकडे दिलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, बाई निवर्तल्या.

त्यांच्या हातचा संग्रह मात्र वाढत जाऊन आज युनिप्रॉट या सर्वांस विनामूल्य खुल्या असलेल्या जागतिक भांडारांत सामील झाला आहे. विद्यार्थ्यांनो, नीट टिपून ठेवलेली लहानशी नोंदही वाया जात नाहीं, हें या चरित्रावरून ध्यानीं घ्यावें.