हवेतलं पाणी मोजणारा माणूस : विलिस कॅरिअर



परिसर अभ्यासात बाष्पीभवन आणि संघनन हे घटक आले की आपण मुलांना थंड पाण्याच्या ग्लासचं उदाहरण देतो. ग्लासच्या बाहेरून थेंब जमतात. मुलं ते पाहतात, वहीत लिहितात आणि विसरून जातात. पण याच थेंबांमागे एका माणसाने आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं घालवली आणि त्यातून आजचा एसी तयार झाला, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात. म्हणून आजच्या पाठात विलिस हॅविलंड कॅरिअर यांची ओळख करून घेऊ.

बालपण आणि सफरचंदांचं गणित

विलिस कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला नावाच्या छोट्या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. विलिस एकुलता एक. घरात मोठी माणसं होती, पण बरोबरीने खेळायला भावंडं नव्हती. मग स्वतःशीच खेळ, स्वतःशीच विचार.

आईला यंत्रांची आवड होती. घरातलं घड्याळ बंद पडलं, शिवणयंत्र अडलं, की ती स्वतः उघडून दुरुस्त करायची. मुलाला यंत्रांचं वेड लागलं ते तिच्याकडून.

विलिसला अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते. आपल्या वर्गातही दरवर्षी अशी चार-पाच मुलं असतातच. आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला सांगितलं. ती कापून आधी अर्धे भाग केले, मग पाव, मग अष्टमांश. ते तुकडे एकमेकांत मिळवायला आणि काढून घ्यायला लावले. खडू नाही, फळा नाही, पाढे नाहीत. हातात फक्त तुकडे. त्या दिवशी अपूर्णांक त्याच्या डोक्यात बसले. त्याहून मोठी गोष्ट अशी की अवघड प्रश्नाचे छोटे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा सोडवायचा, ही सवय लागली. म्हातारपणीही कॅरिअर या प्रसंगाची आठवण काढत असत.

विलिस ११ वर्षांचा असताना ही आई वारली.

शिक्षणासाठी धडपड

पुढचा काळ सोपा नव्हता. शेतीत पैसा नव्हता आणि १८९३ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली होती. शालेय शिक्षण झाल्यावर विलिसला लगेच कॉलेजला जाता आलं नाही. मधल्या काळात त्याने शाळेत शिकवलं. हो, एसीचा जनक काही काळ आपल्यासारखाच मास्तर होता! मग बफेलो शहरात राहून कॉलेजप्रवेशाला लागणारे विषय पूर्ण केले आणि शिष्यवृत्ती मिळवून १८९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला.

शिष्यवृत्तीत फी भागत होती, पण जेवणखाण आणि खोलीचं काय? त्यासाठी लोकांच्या अंगणातलं गवत काप, भट्ट्या पेटव, अशी कामं केली. विद्यार्थ्यांच्या कपड्यांची लाँड्रीही चालवली. १९०१ मध्ये अभियंता होऊन तो बाहेर पडला आणि बफेलो फोर्ज या कंपनीत नोकरीला लागला. पगार आठवड्याला १० डॉलर.

रंग सरकणारा छापखाना

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्याची अडचण कंपनीकडे आली. तिथे रंगीत छपाई चालायची. त्या काळी एकेक रंग वेगवेगळा छापावा लागे. आज पिवळा छापला, उद्या लाल. पण उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद ओलावा शोषून किंचित फुगायचा, कोरड्या हवेत आक्रसायचा. फरक केसाएवढाच, पण तेवढ्यानेही दुसरा रंग पहिल्यावर नीट बसत नसे. चित्रं बिघडत, कागद आणि शाई वाया जाई, काम खोळंबे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अडचण उकाड्याची नव्हतीच, हवेतल्या पाण्याची होती. एसीचा जन्म माणसाला गार वाटावं म्हणून झालेला नाही, कागद स्थिर राहावा म्हणून झाला आहे!

कॅरिअर यांनी थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवायची योजना केली. गार नळ्यांना लागून हवेतली वाफ थेंब होऊन गळून पडेल, अगदी आपल्या ग्लाससारखी. नळ्या किती गार हव्यात आणि हवा किती वेगाने जावी, याचं गणित मांडून त्यांनी खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांवर ठेवायचं ठरवलं. १७ जुलै १९०२ ही तारीख त्या आराखड्यांवर आहे. तेव्हा त्यांचं वय होतं २५.

त्या यंत्रणेची क्षमता होती ५४ टन. हा टन म्हणजे वजन नव्हे. एक टन (२००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो) बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. दुकानात आपण दीड टनाचा एसी मागतो तेव्हा हाच टन असतो. पालकांनी हे मुलांना जरूर सांगावं. एसीचं वजन दीड हजार किलो असतं असं समजणारी मुलं पुष्कळ आहेत.

धुक्याने सुचवलेलं उत्तर

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कॅरिअर पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत उभे होते. सगळीकडे दाट धुकं. बाकीचे प्रवासी गाडी कधी येते ते पाहत असतील. हे मात्र धुक्याकडेच पाहत होते. धुकं म्हणजे पाण्याने पुरेपूर भरलेली हवा. पण ती गार असल्यामुळे 'पुरेपूर' असूनही तिच्यात एकूण पाणी थोडंच असतं.

आकडे पाहू. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते? ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशाला जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे हवा गार पाण्याच्या फवाऱ्यातून नेली, तर ती त्या तापमानाला मावेल तेवढंच पाणी ठेवते आणि जादा पाणी फवाऱ्यातच सोडून देते. नंतर ती हवा थोडी गरम केली की हवी तेवढी कोरडी हवा हातात! पाण्याचा फवारा मारून हवा कोरडी करायची, ही कल्पना ऐकायलाही उलटी वाटते. पण ती खरी ठरली. २ जानेवारी १९०६ रोजी या यंत्राचं पेटंट त्यांना मिळालं.

कापड गिरण्यांना याचा उपयोग उलट बाजूने झाला. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तिथे ओलावा वाढवावा लागे. मुंबईचं दमट हवामान कापड उद्योगाला पोषक, हे वाक्य आपण भूगोलात शिकवतो, त्यामागे हेच कारण आहे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरणी अभियंत्याने वापरात आणला. १९११ मध्ये कॅरिअर यांनी हवेचं तापमान आणि तिच्यातला ओलावा यांचा संबंध सांगणारी सूत्रं अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. आजही या विषयाचे विद्यार्थी त्यावर आधारित तक्ते वापरतात.

नोकरीवर संकट आणि नवी सुरुवात

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. बफेलो फोर्जने हवा नियंत्रणाचा विभाग आटोपता घ्यायचं ठरवलं. इतक्या वर्षांचं काम आणि बरोबरचे तरुण अभियंते, सगळ्यांचंच भवितव्य टांगणीला लागलं. कॅरिअर, त्यांचे मित्र अर्विन लाईल आणि आणखी पाच अभियंते अशा सात जणांनी मिळून ३२,६०० डॉलर जमवले आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. स्थिर पगार सोडून, युद्धाच्या काळात, लोकांना फारशा माहीत नसलेल्या कामात त्यांनी उडी घेतली होती.

१९२२ मध्ये त्यांनी शीतकरणाचं नवं, आटोपशीर यंत्र दाखवलं. त्यात विषारी अमोनियाऐवजी कमी धोक्याचं द्रव्य होतं, त्यामुळे गर्दीच्या जागीही ते बसवता येऊ लागलं. १९२४ मध्ये डेट्रॉइटचं हडसन हे मोठं दुकान गार झालं. १९२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर. उद्घाटनाला लोक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला, भरगच्च सभागृह गार व्हायला आणखी वेळ लागला आणि कॅरिअर यांचा जीव टांगणीला लागला. मग हळूहळू एकेक पंखा थांबत गेला. त्यानंतर उन्हाळ्यात ओस पडणारी थिएटरं भरू लागली.

पुढे जागतिक मंदीत कंपनीला मोठा तोटा झाला, घरगुती यंत्रांचं स्वप्न लांबलं. घरोघरी एसी पोहोचू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरिअर यांचं निधन झालं.

बोटीच्या केबिनचं गणित

कॅरिअर यांचा विचार समजला की नाही, हे पाहायला एक छान उदाहरण आहे. फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट किनाऱ्यावर लोक छोट्या बोटींवर मुक्काम करतात. केबिन गार करायला काही जण चाकांवरचा पोर्टेबल एसी आत ठेवतात आणि त्याची गरम हवेची जाड नळी झरोक्यातून बाहेर काढतात. तरीही केबिन चिकचिकीतच राहते. असं का?

समजा केबिन ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. घनफळ १२ घनमीटर. हवा ३० अंशाची आणि आर्द्रता ८० टक्के, म्हणजे दर घनमीटरला २४ ग्रॅम वाफ. १२ × २४ = २८८ ग्रॅम. सगळ्या केबिनमध्ये मिळून दीड-दोन पेले पाणी! एवढं तर यंत्र सहज काढेल.

पण एका नळीचा एसी आतलीच हवा ओढून, ती गरम करून बाहेर फेकतो. समजा तासाला १२० घनमीटर हवा बाहेर गेली. तेवढीच हवा फटींतून आत येणार, आणि ती बाहेरची दमट हवा असणार. १२० × २४ = २८८० ग्रॅम, म्हणजे केबिनमधल्या पाण्याच्या दहापट वाफ दर तासाला आत! खोली जेवढी लहान तेवढी ही अदलाबदल जास्त बोचते.

उपाय मुलांनाच विचारा, बरीच उत्तरं येतात. दोन नळ्यांचा एसी घ्यावा. त्यात गरम बाजूसाठी हवा बाहेरूनच येते आणि बाहेरच जाते. नळीभोवतीची मोकळी जागा फळी कापून बंद करावी. छतावर ताडपत्रीची सावली धरावी, म्हणजे ऊन मुळातच कमी येईल. फार मोठं यंत्र घेऊ नये, कारण ते पटकन गार करून थांबतं आणि ओलावा मात्र तसाच राहतो. साठलेलं पाणी बोटीच्या तळाशी न मुरवता बाहेर सोडावं. बोट हलते, म्हणून यंत्र घट्ट बांधावं. आणि जनरेटर लावला तर त्याचा धूर केबिनमध्ये मुळीच येता कामा नये, कारण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत जीव जाऊ शकतो.

पाण्याचा कूलर का नको, असंही कुणी विचारेल. उत्तर आपल्याच राज्यात आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो, रत्नागिरीत नुसती चिकचिक वाढवतो. बोट तर पाण्यावरच उभी.

वर्गासाठी उपक्रम

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून दोन्हीवर पंख्याचा वारा सोडा. दोन्हींतला फरक जास्त असेल तर हवा कोरडी, कमी असेल तर दमट. आठवडाभर रोज नोंद ठेवा.

२. स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्या, हळूहळू बर्फ टाका आणि बाहेर थेंब दिसू लागताच पाण्याचं तापमान वाचा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे आकडे वेगळे येतील. का, ते मुलांना सांगू द्या.

३. वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजून वर्गातल्या हवेत किती पाणी असेल, ते वरच्या आकड्यांवरून काढा. पाचवीपासून पुढची मुलं हे सहज करतात.

शेवटी मुलांशी एका गोष्टीवर चर्चा जरूर करा. एसी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त आतून बाहेर नेऊन टाकतो. त्याला वीज लागते, आणि गार खोलीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती गरम हवा लागतेच. हा प्रश्न कॅरिअर यांच्या हयातीत सुटला नाही, तो आज वर्गात बसलेल्या मुलांपुढे आहे. अपूर्णांक न समजणारं एखादं पोरही त्यांत असेल. त्याला उद्या चिरायला एक सफरचंद द्या. नसेल तर भाकरी द्या, तिचेही पाव आणि अष्टमांश होतात.